घरबसल्या आवाजाचं विश्लेषण: प्राटमध्ये मराठी उच्चार कसे मोजायचे, पहिल्या रेकॉर्डिंगपासनं सगळं

प्राट उघडलं, फाईल टाकली, बटण दाबलं की आकडा येतो. येतोच. आवाज माणसाचा असो नाहीतर पंख्याचा, सॉफ्टवेअर तुम्हाला फॉर्मंट (आवाजात जोरात झालेल्या फ्रिक्वेन्सी, खाली नीट सांगतो) देणार म्हणजे देणार, आणि बरेच जण इथंच फसतात, कारण चार दशांश स्थळं दिसली की ते खरं वाटायला लागतं. म्हणून या लेखात बटणं कुठली हे सांगेनच, पण त्यापेक्षा जास्त हे सांगणारे की आलेला आकडा खरा का खोटा ते कसं ओळखायचं. भाषाविज्ञानाचे विद्यार्थी, स्पीच थेरपी शिकणारे, गाणारे, नाटकवाले, डबिंग करणारे, कुणालाही जमेल. लॅपटॉप पाहिजे, बरा माईक पाहिजे आणि हेडफोन पाहिजे. लॅपटॉपच्या स्पीकरवर ऐकून विश्लेषण करू नका, खालचं काहीच ऐकू येत नाही त्यात.

प्राट हे अ‍ॅमस्टरडॅम विद्यापीठातल्या पॉल बोर्स्मा आणि डेव्हिड वेनिंक यांनी बनवलेलं सॉफ्टवेअर, फुकट आहे, विंडोज, मॅक, लिनक्स सगळ्यावर चालतं. दिसायला जुनाट आहे, दोन खिडक्या एकदम उघडतात आणि नवा माणूस गोंधळतो. त्यातली पिक्चर विंडो सरळ बंद करून टाका, ऑब्जेक्ट्स विंडो तेवढी ठेवा.

थोडी थिअरी, पण ही टाळू नका

1960 मध्ये स्वीडनच्या गुन्नार फांट यांनी जे मांडलं त्यावर आजही हे सगळं उभं आहे. स्वरतंतू उघडझाप करतात त्यातनं एक खरखरीत गुणगुण तयार होते, तो सोर्स. ती गुणगुण घशातनं, तोंडातनं बाहेर येताना काही फ्रिक्वेन्सी जोरात होतात काही दबतात, तो फिल्टर. आवाज किती उंच किती खाली हे सोर्स ठरवतो, आणि 'ई' ऐकू येतो का 'ऊ' हे फिल्टर ठरवतो. ज्या फ्रिक्वेन्सी फिल्टर जोरात करतो त्यांना फॉर्मंट म्हणायचं, खालून पहिला एफ वन, मग एफ टू, एफ थ्री.

आता एक छोटं गणित कागदावर करून बघाच. मोठ्या पुरुषाची स्वरतंतूपासनं ओठापर्यंतची नळी साधारण 17.5 सेंटीमीटर धरा, एका टोकाला बंद, दुसऱ्या टोकाला उघडी. आतल्या गरम दमट हवेत ध्वनीचा वेग साधारण सेकंदाला 35000 सेंटीमीटर. अशा नळीचा पहिला रेझोनन्स वेग भागिले चार पट लांबी, म्हणजे 500 हर्ट्झ, आणि पुढचे तिप्पट, पाचपट, म्हणजे 1500, 2500. दर हजार हर्ट्झला एक फॉर्मंट, म्हणजे 5000 च्या आत पाच. प्राटची पुरुषांसाठीची सेटिंग काय असते तर 5000 हर्ट्झपर्यंत पाच फॉर्मंट शोध! हे तिथनंच आलंय. बायकांची नळी आखूड, त्यामुळे फॉर्मंटमधलं अंतर जास्त, म्हणून तिथं 5500 ठेवतात, आणि लहान पोरांसाठी 8000 पर्यंत न्यावं लागतं. हे एकदा डोक्यात बसलं की सेटिंग पाठ करायची गरज राहत नाही.

रेकॉर्डिंग

निम्मं यश इथं आहे, आणि नाशिकमध्ये शांत जागा शोधणं हे एक काम होऊन बसलंय. मुंबई नाका, द्वारका, सीबीएस या बाजूला राहत असाल तर रात्री उशिरा करा. सकाळी घंटागाडीचं गाणं, सोसायटीची पाण्याची मोटर, कुणाच्या तरी गच्चीवरचं ड्रिलिंग, या तिन्ही गोष्टी रेकॉर्डिंगमध्ये स्वच्छ दिसतात, अगदी ऐकू आल्या नाहीत तरी दिसतात. ओझरच्या बाजूला असाल तर एचएएलमधनं विमान उडालं की थांबा, ते गेल्यावर तो शब्द परत घ्या.

खोली लहान निवडा, बेडरूम सगळ्यात बरी, कारण गादी असते, पडदे असतात. कपड्यांचं कपाट उघडं ठेवून त्याच्याकडे तोंड करून बोला, समोरच्या भिंतीला एक गोधडी लटकवा. हॉलमध्ये फरशी आणि मोकळ्या भिंती, आवाज घुमतो, आणि घुमलेल्या आवाजात व्यंजनाच्या आधीची शांतता शांतता राहतच नाही, मागच्या स्वराची शेपटी तिथं येऊन बसते. पंखा, एसी बंद, शेजारच्या खोलीतला फ्रिज पण थोडा वेळ बंद. लॅपटॉपचा चार्जर काढा, नाहीतर विजेची 50 हर्ट्झची गुणगुण आणि तिच्या पटीतल्या 100, 150 वरच्या रेघा आयुष्यभर त्या फाईलमध्ये राहतील.

माईक तोंडापासनं वीतभर लांब आणि थोडा बाजूला, म्हणजे श्वास थेट त्यावर येणार नाही. 'प' म्हणताना भप्पकन आवाज आला तर आणखी बाजूला घ्या. सेटिंग 44100 हर्ट्झ, 16 बिट, मोनो, आणि फाईल वेव्ह फॉरमॅटमध्येच. रेकॉर्डिंग ऑडॅसिटी या रेकॉर्डिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये करा नाहीतर थेट प्राटमध्ये, दोन्ही चालतं. आवाजाची पातळी लाल पट्टीला लागता कामा नये, एकदा टोक कापलं गेलं की ते परत येत नाही.

व्हॉट्सॲपची व्हॉइस नोट घेऊन विश्लेषण करायचा मोह खूप जणांना होतो. नका करू. ती कॉम्प्रेस झालेली असते आणि बऱ्याच फोनमध्ये वर नॉइज रिडक्शनही लागलेलं असतं, म्हणजे फोनने आधीच ठरवलेलं असतं की तुमच्या आवाजातलं काय ठेवायचं आणि काय फेकायचं. पट्टी म्हणजे पिच काढायला एखाद वेळेस चालून जाईल, पण च-स चे वरचे आवाज, आवाजातला खरखरीतपणा, हे त्यातनं मोजलेलं कुणाला दाखवू पण नका. फोनच वापरायचा असेल तर वेव्ह फाईल सेव्ह करणारं ॲप घ्या, आणि फोन आपोआप आवाज कमी-जास्त करत असेल तर ते बंद करा. ते चालू असताना डेसिबलचे आकडे दोन रेकॉर्डिंगमध्ये तुलना करायच्या लायकीचे राहत नाहीत.

काय बोलायचं

नुसता शब्द म्हटला की माणूस यादी वाचल्यासारखं शेवटी खाली उतरतो. म्हणून वाक्यात बसवायचं, उदाहरणार्थ "आता ___ म्हण." प्रत्येक शब्द पाच वेळा, क्रम बदलून, घाई न करता.

स्वरांसाठी माझी यादी ही: पीठ, पेठ, पट, पाट, पोट, पूड. सगळ्यांची सुरुवात 'प' ने आणि शेवट ट-ठ-ड पैकी एकाने, म्हणजे आजूबाजूची व्यंजनं जवळजवळ सारखी राहतात आणि बदलतो तो फक्त मधला स्वर. पेठ म्हटल्यावर आपल्याकडच्या माणसाच्या डोळ्यासमोर पेठ तालुका येतो का गावातली पेठ येते याने काही फरक पडत नाही. व्यंजनांसाठी: तार, थार, दार, धार. पूर्वी 'थ' साठी सोपा शब्द शोधावा लागायचा, आता थार गाडी आपल्याच गावात बनते, लहान पोरगंही बरोबर म्हणतं. 'फ' मुद्दाम घेतलेला नाही, कारण बरेच जण तो ओठ-दात लावून घर्षणाने म्हणतात, मग तो स्पर्श व्यंजन राहत नाही आणि तुलना बिघडते.

चित्र वाचायला शिका

फाईल ओपन मेन्यूतनं वाचा, निवडा, व्ह्यू अँड एडिट. वर लहरी दिसतील, खाली राखाडी चित्र, तो स्पेक्ट्रोग्राम. आडवी वेळ, उभी फ्रिक्वेन्सी, जिथं काळं तिथं ऊर्जा जास्त. विंडो लेंग्थ 0.005 सेकंद असते तेव्हा फॉर्मंटचे जाड काळे पट्टे दिसतात, आणि तीच 0.03 केली की त्याच जागी बारीक आडव्या रेघा, म्हणजे हार्मोनिक्स, मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीतल्या फ्रिक्वेन्सी, दिसतात. हे दोन्ही करून बघा, दहा मिनिटं नुसतं मागे-पुढे करा. एकच आवाज आहे, एकदा फिल्टर दिसतो, एकदा सोर्स दिसतो. यानंतर वरची थिअरी परत वाचायची गरज पडणार नाही.

मग टेक्स्टग्रिड बनवा, म्हणजे आवाजाखाली खुणा आणि नावं लिहायच्या पट्ट्या, एक टिअर (पट्टी) शब्दांची, एक ध्वनींची, आणि हद्दी आखा. स्वर कुठं सुरू झाला हे दुसऱ्या फॉर्मंटचा पट्टा स्पष्ट दिसायला लागतो तिथनं धरा, आणि जो नियम एका शब्दाला लावाल तोच सगळ्यांना लावा. कंटाळवाणं काम आहे, पण हे नीट केलं तर पुढचं सगळं स्क्रिप्टवर सोडता येतं.

पिच

निळी रेघ म्हणजे पिच. पुरुषासाठी 75 ते 300, बाईसाठी 100 ते 500 अशी रेंज देऊन सुरू करा. नव्या व्हर्जनमध्ये पिच काढायच्या पद्धती एकापेक्षा जास्त आहेत, बोलण्याची चढ-उतार बघायची असेल तर आधीपासनं निवडलेली फिल्टर्ड ऑटोकोरिलेशन राहू द्या.

रेघ एकदम दुप्पट वर किंवा निम्म्यावर उडी मारताना दिसली तर ती बहुतेक सॉफ्टवेअरची चूक असते. खात्री करायची सोपी रीत: लहरींवर झूम करा, एका पुनरावृत्तीपासनं पुढच्या पुनरावृत्तीपर्यंतचा तुकडा सिलेक्ट करा, त्याचा कालावधी वर दिसेल, 1 भागिले तो म्हणजे खरी फ्रिक्वेन्सी. 0.005 सेकंद आला तर 200 हर्ट्झ. वाक्याच्या शेवटी आवाज किरकिरा होतो तिथं मात्र पुनरावृत्ती खरंच अनियमित असते, तिथला आकडा सोडून द्या.

फॉर्मंट, इथं जरा थांबा

फॉर्मंट सेटिंग्जमध्ये कमाल फ्रिक्वेन्सी माणसाप्रमाणे, फॉर्मंटची संख्या पाच, विंडो 0.025. लाल ठिपके दिसतील. आता नियम एकच: ठिपके काळ्या पट्ट्याच्या मधोमध बसलेत का? बसले नसतील तर आकडा लिहायचा नाही.

'पाट' घ्या. पुरुषाच्या 'आ' मध्ये एफ वन साधारण 700 च्या आसपास, एफ टू 1200 च्या आसपास येतो, दोन पट्टे जवळजवळ. 'पीठ' च्या 'ई' मध्ये एकदम उलटं, एफ वन खाली 300 च्या आसपास, एफ टू वर 2200-2300 कडे, मधे मोठी मोकळी जागा. या मोकळ्या जागेत कधी कधी सॉफ्टवेअर एक भलताच फॉर्मंट घुसवतं, तिथं काळं काहीच नसतं तरी ठिपके असतात, आणि मग खरा एफ टू आपला एफ थ्री म्हणून नोंदला जातो. तुमच्या तक्त्यात 'ई' चा एफ टू 1100 दिसला की समजायचं हेच झालंय. कमाल फ्रिक्वेन्सी थोडी वाढवून बघा, किंवा फॉर्मंटची संख्या 4.5 करून बघा. 'पूड' ला याच्या उलट होतं, एफ वन आणि एफ टू दोन्ही खाली, एकमेकांना खेटून, आणि सॉफ्टवेअर दोघांचा एकच करून टाकतं. तिथं कमाल फ्रिक्वेन्सी कमी करा.

बायकांच्या आणि मुलांच्या आवाजात आणखी एक अडचण आहे. पिच 300 असेल तर हार्मोनिक्स 300, 600, 900 असे लांब लांब, आणि फॉर्मंट त्यांच्या मधे कुठंतरी असला तर तो दिसायला तिथं ऊर्जाच नसते. सॉफ्टवेअर जवळच्या हार्मोनिकला चिकटतं. म्हणून उंच आवाजाच्या माणसाला सांगा, थोडं खालच्या पट्टीत, निवांत बोला. हे काही फसवणं नाही, मोजता यावं म्हणून आहे.

माप नेहमी स्वराच्या मधल्या भागात घ्या, कारण शेवटी ट-ठ येतो तिथं जीभ मागे वळते आणि एफ थ्री खाली ओढला जातो. (ही ओढ 'त' आणि 'ट' मधला फरक बघायला मात्र फार कामाची, 'पात' आणि 'पाट' शेजारी ठेवून शेवटचे काही मिलिसेकंद बघा.)

सगळे आकडे एक्सेलमध्ये टाका, आडव्या अक्षावर एफ टू उलटा, उभ्या अक्षावर एफ वन उलटा. 'ई' वर डावीकडे, 'ऊ' वर उजवीकडे, 'आ' खाली. तोंडात जीभ जशी फिरते जवळजवळ तसाच नकाशा तयार होतो, आणि तो स्वतःच्या आवाजाचा असतो. दोन वेगळ्या माणसांची तुलना करायची तर सरळ हर्ट्झ ठेवू नका, दोघांच्या नळीची लांबी वेगळी. प्रत्येकाच्या सगळ्या स्वरांची सरासरी काढा, ती वजा करा, स्टँडर्ड डेव्हिएशनने भागा. याला लोबानोव्ह नॉर्मलायझेशन म्हणतात.

तार, थार, दार, धार

हा माझा सगळ्यात आवडता भाग. 1964 मध्ये लिस्कर आणि अब्रमसन या दोघांनी अकरा भाषांमधली स्पर्श व्यंजनं मोजली, आणि त्यात मराठी होती. व्हॉइस ऑनसेट टाइम म्हणजे हवा सुटल्यापासनं स्वरतंतू कंप पावायला लागेपर्यंतचा वेळ, ही कल्पना जगभर पसरली ती त्या कामातनं, आणि तो पेपर वाचताना आपली भाषा त्यात आहे हे बघून मला अजून छान वाटतं.

करायचं असं. लहरींवर झूम करा, हवा सुटल्याची उभी टोकदार रेघ शोधा, तिथं एक खूण. नियमित लहरी जिथं सुरू होतात तिथं दुसरी खूण. 'तार' मध्ये हे अंतर अगदी थोडं, दहा-वीस मिलिसेकंद. 'थार' मध्ये मोठं, पन्नासच्या वर सहज, आणि मधे फसफस दिसते. 'दार' मध्ये लहरी हवा सुटायच्या आधीच सुरू असतात, स्पेक्ट्रोग्रामच्या तळाला एक बारीक काळी पट्टी दिसते, म्हणून तो आकडा ऋण लिहायचा. आता 'धार'. आधी कंपन आहे, म्हणजे 'द' सारखाच ऋण आकडा येतो, मग 'द' आणि 'ध' मधला फरक कुठं गेला? या एका मापात तो सापडत नाही, ही लिस्कर आणि अब्रमसन यांनाही तेव्हाच आलेली अडचण. फरक हवा सुटल्यानंतर आहे. स्वराच्या सुरुवातीचा भाग झूम करा, 'दार' मध्ये लहरी लगेच दातेरी, भरगच्च होतात, 'धार' मध्ये काही काळ त्या गुळगुळीत, मऊ राहतात, कारण स्वरतंतू पूर्ण मिटत नाहीयेत आणि हवा गळतीये. मोजायचं तर तिथला स्पेक्ट्रल स्लाइस, म्हणजे त्या एका क्षणाचा स्पेक्ट्रम, काढा आणि पहिल्या हार्मोनिकच्या डेसिबलमधनं दुसऱ्याचे वजा करा. 'ध' नंतर हा फरक मोठा येतो, 'द' नंतर लहान. हेच 'मैना' आणि 'म्हैस' च्या सुरुवातीला करून बघा. म्ह, न्ह, ल्ह असे महाप्राण नासिक्य आणि द्रव ध्वनी जगातल्या फार थोड्या भाषांमध्ये आहेत, आपल्याकडे ते भाजीवाल्या मावशींच्या तोंडीसुद्धा स्वच्छ असतात, त्यांचं रेकॉर्डिंग आणखी व्हायला पाहिजे.

'चाक' आणि 'चार' मधले दोन च वेगळे करायला स्पेक्ट्रोग्रामची उंची 10000 पर्यंत न्या. 'चाक' मधली फसफस वर गोळा झालेली, 'चार' मधली बरीच खालून सुरू होणारी. फक्त फसफसीचा तुकडा कापून स्पेक्ट्रम बनवा आणि सेंटर ऑफ ग्रॅव्हिटी, म्हणजे ऊर्जा सरासरी कुठल्या फ्रिक्वेन्सीला आहे ते, विचारा, 'चाक' चा आकडा जास्त आला पाहिजे. आला नाही तर आधी खालचा 500 हर्ट्झपर्यंतचा आवाज फिल्टरने काढा, गुणगुण मधे येतीये.

आवाजाची तब्येत

शिक्षक, कीर्तनकार, लासलगाव-पिंपळगावला कांद्याच्या लिलावात दिवसभर बोली पुकारणारे, यांचा आवाज थकतो तो मोजता येतो का? काही प्रमाणात. एका श्वासात, सारख्या पट्टीत, निवांत 'आ' म्हणायला लावा, मधला तीनेक सेकंदाचा भाग निवडा, पल्सेस मेन्यूतनं व्हॉइस रिपोर्ट काढा. जिटर म्हणजे एका लहरीपासनं पुढच्या लहरीपर्यंत कालावधी किती हलतो, शिमर म्हणजे उंची किती हलते, एचएनआर म्हणजे सुरेल भाग खरखरीपेक्षा किती वर आहे. जिटरला 1.04 टक्के आणि शिमरला 3.81 टक्के अशा मर्यादा सगळीकडे लिहिलेल्या सापडतात, पण त्या एमडीव्हीपी नावाच्या दुसऱ्या सिस्टीमच्या आहेत, तिथं मोजायची पद्धत वेगळी, त्यामुळे प्राटच्या आकड्यावर त्या जशाच्या तशा लावून कुणाला घाबरवू नका. निरोगी आवाजात 'आ' साठी एचएनआर 20 डेसिबलच्या आसपास येतो, तोही खोली शांत असेल तरच. चालू बोलण्यातनं जिटर काढू नका, तिथं पट्टी मुद्दामच बदलत असते.

याचा खरा उपयोग त्याच माणसाची त्याच्याशीच तुलना करण्यात आहे. तोच माईक, तीच खोली, तेवढंच अंतर, सोमवारी सकाळी आणि शनिवारी संध्याकाळी. आणि आवाज तीन आठवड्यांच्या वर बसलेला असेल तर लॅपटॉप बाजूला ठेवा आणि कान-नाक-घशाच्या डॉक्टरांकडे जा, स्वरतंतू बघितल्याशिवाय हे सॉफ्टवेअर काहीही सांगू शकत नाही.

आता उलटं: आवाज बनवून बघा

मोजणं आलं की मॉडेल करायचं. पुरुषाच्या आवाजातलं 'पेठ' घ्या आणि 10000 हर्ट्झवर रिसॅम्पल करा, म्हणजे सेकंदाला 44100 ऐवजी 10000 नमुने ठेवा. त्यावरनं एलपीसी काढा, म्हणजे फिल्टरचं गणिती मॉडेल, बर्ग पद्धत, ऑर्डर 10 (पाच फॉर्मंट, प्रत्येकाला दोन). आता आवाज आणि एलपीसी दोन्ही एकत्र निवडून इन्व्हर्स फिल्टर करा. जे ऐकू येईल तो तुमचा सोर्स, तोंड काढून टाकलेला आवाज, नुसती गुणगुण. हेडफोन लावून ऐका.

मग एलपीसीवरनं फॉर्मंट ऑब्जेक्ट बनवा, त्यात फ्रिक्वेन्सीसाठी फॉर्म्युला द्यायची सोय आहे, तिथं फक्त दुसऱ्या ओळीतनं, म्हणजे एफ टू मधनं, आधी 300 वजा करा, बाकी आहे तसं. सोर्स आणि बदललेला फॉर्मंट निवडून फिल्टर. ऐका. मग 600, मग 1000. 'ए' आणि 'ओ' चा एफ वन जवळपास सारखा आहे, फरक मुख्यतः एफ टू चा, त्यामुळे 'पेठ' हळूहळू 'पोठ' कडे सरकायला लागतो. पूर्ण 'ओ' होत नाही, कारण ओठ गोल झाले की वरचे फॉर्मंटही थोडे खाली येतात आणि ते आपण हलवलेले नाहीत. एफ थ्री मधनं पण शे-दोनशे वजा करा आणि परत ऐका. बाईच्या आवाजावर हेच करताना 11000 वर रिसॅम्पल करा. सगळं शून्यापासनं, सोर्ससकट बनवायचं असेल तर डेनिस क्लॅट यांनी 1980 मध्ये मांडलेल्या सिंथेसायझरवर आधारलेलं क्लॅटग्रिड प्राटमध्येच आहे, पण तिथं जायच्या आधी वरचा प्रयोग सगळ्या सहा स्वरांवर करून घ्या.

फाईली वाढल्या की पायथनमधली पार्सलमाउथ ही लायब्ररी घ्या, तिच्यातनं प्राटच चालतं, एका लूपमध्ये शेकडो शब्दांचे फॉर्मंट निघतात. स्क्रिप्टच्या शेवटी, एफ टू सरासरीपासनं खूप लांब गेलेल्या टोकनची (म्हणजे एकदा म्हटलेल्या शब्दाची) वेगळी यादी छापून घ्या, आणि त्या यादीतला एकेक शब्द उघडून ठिपके काळ्या पट्ट्यावर आहेत का ते बघा. फाईलच्या नावात माणसाचं खरं नाव टाकू नका, कोड टाका, आणि माईक, अंतर, खोली, सेटिंग हे एका साध्या टेक्स्ट फाईलमध्ये त्याच फोल्डरला लिहून ठेवा, सहा महिन्यांनी दुसरं रेकॉर्डिंग घ्याल तेव्हा पहिली ती फाईल उघडायची.